टेबलापलीकडचे पेठे सर

पेठे सर वर्गात आले की हजेरीआधी उत्तरेची खिडकी उघडायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि वास ओळखून सांगायचे, "आज अमोनिया. वारा तळोज्याकडून." मग रुमालाने नाक पुसून क्वांटम मेकॅनिक्स सुरू. नव्या मुलांना ते विक्षिप्त वाटत. मला वाटले नाहीत. आमचं गाव तळोज्याच्या कारखान्यांना लागूनच आहे, त्याच वासात मी लहानाची मोठी झाले.

त्यांच्या शर्टाच्या बाहीला कायम सोल्डरिंगने पडलेली भोकं असायची. घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवा शर्ट आणला की सर आठवडाभरात तोही भाजून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता कसा माझा वाटतो."

एम.एस्सी. संपताना मला खगोलभौतिकीचं वेड होतं. पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी निवडही झाली. मी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेढा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आकाश कुठे पळून जात नाही गं वैशाली. तुझ्या आईच्या छातीत रोज काय जातंय, ते मोजायला कोण येणार?"

"पण सर, तिथे मोठं काम चालतं."

"मोठं म्हणजे लांबचं का?"

मी चिडून घरी गेले. घरी आई खोकत खोकत भाताचं पाणी वेळत होती. त्याच आठवड्यात मी पुण्याला नकार कळवला आणि सरांच्या हाताखाली वायूंचे सेन्सर हा विषय घेतला. मी काय सोडलं ते घरात कुणाला नीट कळलं नाही. मला कळत होतं.

काचेच्या तुकड्यावर झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा. वायू लागला की त्या थराचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून हवेत किती वायू आहे ते काढायचं. सांगायला सोपं, पण दमट हवेत हे सेन्सर भरकटतात. मी पहिली मोजणी आनंदाने दाखवायला नेली तेव्हा सरांनी ती बाजूला सारली. "आकडा लाडका झाला की खोटं बोलायला लागतो. आधी पावसाळा काढ." मी अख्खा पावसाळा काढला. दमटपणाचा परिणाम किती, तो वजा कसा करायचा, हे सगळं बसवलं. सरांनी ते स्वतः पुन्हा तपासलं आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून म्हणाले, "आता कुणीही विचारू दे. उत्तर आहे आपल्याकडे." 'आपल्याकडे' या शब्दाने मी दिवसभर हवेत होते.

पुढच्या वर्षी गावाजवळच्या एका कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी लागली. गावकऱ्यांनी मला मोजणी मांडायला सांगितलं. मी सरांना विचारलं. "मांड ना, बिनधास्त," ते म्हणाले.

मी मंडपात पोचले तर सर आधीच आलेले होते. कंपनीच्या टेबलामागे, इस्त्रीच्या शर्टात, समोर 'तज्ज्ञ सल्लागार' अशी पाटी. मला वाटलं, सरांची जागा चुकली असेल. माझं बोलून झाल्यावर ते उठले. शांतपणे, अगदी वर्गातल्यासारखे बोलले. "मुलगी हुशार आहे, माझीच विद्यार्थिनी. पण हा घरगुती बनावटीचा सेन्सर आहे. दमट हवेत तो भरकटतो, हे शास्त्राला माहीत आहे. आणि आपली हवा तर बारा महिने दमट."

एवढंच. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पावसाळ्याचं काम त्यांनी सांगितलं नाही, इतकंच. मी उभी राहून सांगू लागले, पण तोवर माझी वेळ संपल्याचं जाहीर झालं होतं.

परतताना आईने विचारलं, "तुजे सर तिकडं कशाला बसलं? ते आपलं नाय काय?"

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. "सर, तुम्हीच तपासलं होतंत."

त्यांनी मल्टिमीटरची वायर गुंडाळायला घेतली. "कंपनी कॉलेजला नवी लॅब देतेय. तुला जे मशीन हवंय ना, तेही येणार आहे. कुणासाठी केलं मी?"

"माझ्यासाठी नका म्हणू, सर."

"तू लहान आहेस अजून. विस्तार काय, तसाही होणारच होता."

मी त्या दिवशी माझ्या सेन्सरच्या काचा तेवढ्या उचलल्या. मुंबईत दुसरे मार्गदर्शक मिळेपर्यंत वर्ष गेलं. विषय मात्र बदलला नाही. पुण्याचं दार पुन्हा ठोठावता आलं असतं, पण तोवर हा विषय माझा झाला होता, आणि तो सरांनीच दिला होता याचा राग आजही जात नाही. आता मीही शिकवते; माझ्या विद्यार्थ्यांना दमट हवेचं गणित सांगते तेव्हा पद्धत त्यांचीच असते. नाव मी घेत नाही.

मागच्या हिवाळ्यात करंजाड्याला एका लग्नात ते दिसले. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. मला पाहून थांबले.

"काय करतेस हल्ली?"

"तेच, सर."

"वा." ते जरा सरळ उभे राहिले, पायांपुढे थोडी जागा केली. मी पाया पडायला वाकेन म्हणून. आमच्याकडची रीतच आहे तशी, आणि पूर्वी प्रत्येक परीक्षेआधी मी वाकत आले होते.

"जेवण झालं का सर?" मी विचारलं. नाही म्हणाले. मी त्यांना पंगतीपर्यंत नेलं, खुर्ची ओढून दिली, वाढप्याला हाक मारली आणि माझ्या माणसांत परत गेले.