जिताड्यांचा पोशिंदा

अख्ख्या कोलशेत गावात माझ्या मावशाइतका निरुपद्रवी माणूस नव्हता, आणि तुरुंगात गेला तो नेमका तोच. मावशीला आणि त्याला मूलबाळ नव्हतं. शेताच्या बांधालगत त्यानं खाऱ्या पाण्याचं एक डबकं राखलं होतं. भरतीबरोबर खाडीतून आत शिरलेली जिताडा माशाची बोटभर पिल्लं तो त्यात वाढवायचा. जिताड्याच्या नुसत्या नावानं आमच्याकडे तोंडाला पाणी सुटतं, पण मावसा त्यांना ‘पोरं’ म्हणायचा आणि घरात जिताडा शिजू देत नसे. पोरांची खोड मात्र वाईट. भूक लागली की ती एकमेकांना गिळत. कोंडा, शिळा भात, सुका जवळा, सगळं करून झालं. “त्यांना जिता घास लागतो,” मावसा म्हणायचा, “मेलेल्याला ती तोंड नाय लावत.”

तो जिता घास त्याला मिठागरात सापडला. तिथल्या दाट खाऱ्या पाण्यात जवळ्याहूनही बारीक, तांबूस जीव वळवळत असत. मावसा रोज डोक्याचं मुंडासं सोडून त्यातून ते पाणी गाळायचा, जीव थोड्या खाऱ्या पाण्यासकट मडक्यात भरायचा आणि तेच ओलं मुंडासं पुन्हा गुंडाळून घरी यायचा. माझ्या लग्नात ऐन अक्षता पडताना त्याच्या कपाळावरून चार तांबडे ठिपके ओघळले. माझ्या सासऱ्यांना ते कुंकू वाटलं. मावशीनं मान खाली घातली ती जेवणं होईपर्यंत वर केली नाही.

एकदा मिठाच्या नाक्यावरच्या शिपायानं मडक्यासकट त्याला धरलं. मिठावर सरकारी कर होता, तेव्हा मिठागराचं पाणी बाहेर नेणं म्हणजे चोरीच. मी ठाण्याच्या कचेरीत नुकताच चिकटलो होतो. कळताच धावत नाक्यावर गेलो.

“रावसाहेब, हे माशांचं खाणं आहे,” मी तिथल्या कारकुनाला म्हटलं.

“खाडी भरून मासे आहेत. त्यांना कोण वाढायला जातं?” असं म्हणून त्यानं खात्री करायला मडकं चुलीवर चढवलं.

“आरं, जिती हायेत ती!” मावसा ओरडला. शिपायानं त्याला मागे ओढलं.

पाणी आटलं. तळाशी मूठभर मीठ उरलं, गुलाबी. पुरावा झाला.

मावसा तुरुंगात असेतो मावशी डबक्याकाठी बसून कोंडा टाकायची, भात टाकायची, पाण्याला हात जोडायची. मी भेटीला गेलो की मावसा स्वतःचं काही सांगत नसे. “पोरं बरी हायेत ना?” एवढंच विचारी. मी ‘हो’ म्हणून मान हलवायचो.

तो सुटून आला तेव्हा डबक्यात एकच जिताडा उरला होता, हातभर लांब, गलेलठ्ठ. गाव बघायला जमलं. कुणीतरी म्हणालं, “काप आता. भावंडांना खाऊन माजलाय.”

“भूक लागली, खाल्लं,” मावसा म्हणाला. “त्याचा काय गुन्हा?”

त्यानं मासा टोपलीत घेतला आणि गुडघाभर चिखल तुडवत खाडीत नेऊन सोडला. मावशी काठावर उभी होती. “आता घरात काय ऱ्हायलं?” ती म्हणाली.

मावशानं रिकामी टोपली पाण्यात बुडवून धुतली.

“खाडीत गर्दी हाय,” तो म्हणाला. “एकटा नाय पडायचा.”

मग दोघं घराकडे वळली.