आधी माती झटका

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टात नव्हे, लातूरच्या भाजी मंडईत. दुसऱ्या दिवशी साहाय्यक सरकारी वकील म्हणून रुजू व्हायचं होतं, त्यासाठी मुदखेडहून येऊन मावशीकडे उतरले होते आणि मावशीने आल्या आल्या मंडईत पिटाळलं होतं. ओल्या भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगापुढे कपाळी भस्म लावलेले एक उंच गृहस्थ पिशवी धरून उभे होते.

"आधी माती झटक, मग जोख," ते म्हणाले.

"सायेब, माती बी शेतातलीच हाय की. फुकट घ्या," शेंगावाली फणकारली.

"फुकट देत आसशील तर वायली बांधून दे."

मी तोंडाला पदर लावून हसले. एवढा चांगल्या घरचा माणूस आणि शेंगेच्या मातीवरून भांडतोय! दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांच्या खोलीत शिरले, तर खुर्चीत तेच गृहस्थ, अंगात काळा कोट. मी उगाचच पदर सावरला. ते मात्र शांतपणे म्हणाले, "या. काल शेंगा घेतल्या का न्हाई?"

अप्पांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे खरी, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अप्पांच्या सहवासात मी आदराने कमी आणि धक्क्याने जास्त नमले आहे. त्यांच्याबद्दल आपण एक काही ठरवावं आणि त्यांनी ते खोटं ठरवावं, असं माझं वर्षानुवर्षं चाललं आहे. त्यातला सर्वांत मोठा धक्का गेल्या वर्षी नांदेडला बसला. तो अजून उतरलेला नाही, आणि हा लेख त्याच्याबद्दलच आहे.

आधी त्यांच्या कामाविषयी. गांजाच्या केसमध्ये अप्पा उभे राहणार म्हटलं की आरोपीचे नातेवाईक कोर्टाच्या पायरीवरच मटकन बसायचे. इतर गुन्ह्यांत ते कधी हसत, कधी समोरच्या वकिलाची फिरकी घेत. गांजाचं नाव निघालं की चेहरा दगडाचा. एकदा महाशिवरात्रीला बाररूममध्ये कुणीतरी थंडाईचे पेले आणले आणि डोळा मारून म्हणालं, "अप्पा, आज तर महादेवाचाच प्रसाद आहे." अप्पांनी पेला खाली ठेवला, कोट उचलला आणि निघून गेले. शिवभक्त लिंगायत माणूस, रोजची पूजा चुकवत नाही, आणि थट्टेतली भांगसुद्धा सोसत नाही!

माणूस म्हणाल तर आतून खोबरं. पहिल्याच महिन्यात मी भर कोर्टात भलत्याच साक्षीदाराला पुकारलं. न्यायाधीश माझ्यावर कडाडले. तेवढ्यात अप्पा उठून म्हणाले, "चूक माझी आहे साहेब, मीच तसं सांगितलं होतं." त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "जा, चहा पी. उद्या पुन्ना चुकलीस तर मात्र मी वळख दाखवणार न्हाई."

दुपारच्या सुट्टीत अप्पा कधी आमच्यात जेवायला बसले नाहीत. स्कूटरवरून घरी जायचे. त्यांच्या ओसरीवर भिंतीला टेकून त्यांचे धाकटे भाऊ संगाप्पा बसलेले असत. संगाप्पा बोलत नाहीत. कुणाकडे पाहतही नाहीत. अप्पा भाकरी दुधात कुस्करून त्यांना घास घास भरवायचे आणि मगच स्वतः पाटावर बसायचे. मी ते कितीदा तरी पाहिलं. जन्माचंच दुखणं असेल असं समजून मी कधी विचारलं नाही, आणि अप्पांच्या पत्नी शारदाकाकूंनीही कधी सांगितलं नाही.

आता बाबुरावांची केस. देवणी भागात जातिवंत वळू पाळणारी काही जुनी घरं आहेत. त्यांच्यात बैल फुगला, त्याला हगवण लागली किंवा त्याने वैरण सोडली की गांजाचा थोडा पाला वाटून ज्वारीच्या पिठात, गुळात कालवून चारायची रीत होती. त्यासाठी गोठ्यामागे एखाद-दुसरं झाड असायचं. बाबुराव अशाच घरातले. त्यांच्या वळूचं नाव जत्रेजत्रेत होतं. कुणीतरी चुगली केली आणि पोलीस गोठ्यात आले. आढ्याला मुळासकट वाळत टांगलेल्या पेंढ्या त्यांना दिसल्या. "कुणाचं आहे हे?" असं विचारल्यावर दुसरा कुणीही कानांवर हात ठेवतो. बाबुराव म्हणाले, "माजंच हाय. बापाच्या येळंपासून हाय. बैलाला लागतंय." आणि पोलिसांना न सापडलेली एक पेंढी त्यांनी स्वतः माळ्यावरून काढून दिली. बैलाच्या औषधात कसली आली चोरी, असा त्यांचा हिशेब!

कायद्याला बैल दिसत नाही, वजन दिसतं. माल अगदी थोडा असेल तर वर्षभरापर्यंतची शिक्षा. ती रेघ ओलांडली की दहा वर्षांपर्यंत. बाबुरावांच्या पेंढ्या पोलिसांनी ज्या पोत्यात भरल्या, त्याचं वजन रेघेच्या पलीकडे भरलं होतं. जामीन झाला नव्हता, म्हातारी आई कोर्टाच्या व्हरांड्यात बसून असायची, गोठा शेजाऱ्याच्या भरवशावर होता. आणि समोर उभे अप्पा. मी मनात म्हटलं, संपलं या माणसाचं.

पंचाची साक्ष सुरू झाली. मुद्देमाल म्हणून सील केलेलं पोतं मेजावर उघडलं गेलं आणि पेंढ्यांबरोबर काळ्या मातीची ढेकळं खडखडत बाहेर पडली. बाबुरावांचे वकील तेव्हा पोलिसांकडे झडतीची परवानगी होती का, या मुद्द्याची पानं चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. अप्पा मात्र त्या ढेकळांकडे पाहत राहिले. इतका वेळ, की न्यायाधीशांनी "पुढे चला" म्हणून सुचवलं.

मग अप्पांनी आपल्याच साक्षीदाराला विचारलं, "वजन केलं तेव्हा मुळं तोडली होती?"

"न्हाई."

"माती झटकली होती?"

पंचाने पोलिसांकडे पाहिलं. "न्हाई सायेब. हाय तसं पोतं काट्यावर टाकलं."

"पोतं वेगळं जोखलं होतं?"

"न्हाई."

"न्यायालयाने याची नोंद घ्यावी," एवढं बोलून अप्पा खाली बसले.

मी गार पडले! कायदा गांजा म्हणतो तो फुलोऱ्याच्या शेंड्यांना. मुळं, दांडे, माती, पोतं काढलं तर हातात राहणार किती? सरकारी वकिलाने सरकारचीच केस स्वतःच्या हाताने उसवली होती. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तुम्ही सरकारच्या बाजूने आहात ना?"

"आहे साहेब. मातीबद्दल कुणाला आत टाकावं, असं सरकारचं म्हणणं नाही."

वजन सिद्ध झालं नाही. किरकोळ मालाचा गुन्हा धरून, आत काढलेले महिने हीच शिक्षा मानून बाबुरावांना सोडलं. अप्पा विकले गेले, अशी कुजबुज बाररूममध्ये झाली. दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबुराव बरणीभर लोणकढं तूप घेऊन लातूरला यायचे आणि अप्पा त्यांना फाटकातूनच परत पाठवायचे. निवृत्त झाल्यावरही त्यात बदल झाला नाही. "तुजं तूप माज्या घरात येनार न्हाई," एवढंच बोलायचे. केसमधल्या माणसाकडून तृणही न घेणारे अप्पा, असा दाखला मी नव्या वकिलांना अभिमानाने देत आले.

गेल्या वर्षी नांदेडला आम्ही काही वकिलांनी परिसंवाद ठेवला. विषय होता, गांजा जवळ बाळगण्याचा कायदा न्याय्य आहे का. सध्या सगळीकडे तीच चर्चा, आणि जो तो हमरीतुमरीवर. अप्पांना अध्यक्ष केलं. ज्याला कायद्याची झळ लागली असा माणूस हवा, म्हणून देवणीहून बाबुरावांनाही बोलावलं. ते अप्पांना बांधायला फेटा आणि तीच तुपाची बरणी घेऊन आले.

एका प्राध्यापकांनी सुरुवातीलाच तोफ डागली. "दारूचं दुकान परवान्याने आणि गांजाला तुरुंग, हा कुठला न्याय?" टाळ्या पडल्या. लगेच एका शाळेच्या मुख्याध्यापिका उठल्या. "आमच्या कुंपणापाशी येऊन पुड्या विकतात. एकदा येऊन बघा आणि मग न्यायाचं बोला." त्यांनाही तेवढ्याच टाळ्या. मग मी अप्पांची ओळख करून देताना मातीची गोष्ट रंगवून सांगितली. अप्पा सौम्य कायद्याच्या बाजूने बोलणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

अप्पा उठले. म्हणाले, "वकीलबाईंनी माझी फार स्तुती केली. पण ती केस मला जिंकायची होती. मी ती मागून घेतली होती."

त्यांनी समोर बसलेल्या बाबुरावांकडे बोट केलं.

"बाबुरावचं गाव आणि आमचं जुनं गाव, शिवेला शिव लागून. मी शिकायला लातूरला होतो तेव्हा आमचा बैल फुगला. वडलांनी माझ्या धाकट्या भावाला, संगाप्पाला, बाबुरावच्या वडलांच्या गोठ्यात पाला आणायला धाडलं. बैल बरा झाला, पण संगाप्पाचं जाणं थांबलं नाही. पुढे तो देवळातल्या बैराग्यांच्या चिलमीपाशी बसू लागला. आणि एक दिवस बोलायचाच थांबला. आजतागायत बोलला नाही. डॉक्टर म्हणतात, आजार अंगातच असेल. पाल्याने उठवला असेल किंवा नसेलही. मला माहीत नाही. मी मात्र जन्मभर त्या गोठ्याला शिव्या घातल्या."

ओसरीवरचे संगाप्पा! एवढी वर्षं ज्या घासाकडे मी कौतुकाने पाहत होते, त्याच्यामागे हे होतं?

"पोतं उघडलं आणि माती सांडली. आमच्याच शिवारातली. बाबुरावचा वकील दुसरीकडे बघत होता. मी नुसता गप्प बसलो असतो तरी भागत होतं." अप्पांचं बोलणं देवणीच्या वळणावर गेलं. "मनात आलं, शेंगा घेताना मातीवरून मी भांडतो, आन् हितं मान्साची धा वर्सं जोखायची हायत. म्हनून इचारलं. लई जड गेलं."

मग पाणी पिऊन ते सावकाश म्हणाले, "कायदा ठेवायचा की काढायचा, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर असावा, आणि पुड्या विकणाऱ्याला जड असावा. पण विकणाऱ्याचं पोतं आणि बैलाचं औषध एकाच काट्यावर मातीसकट घालाल, तर तो सूड होतो. सूड कसा असतो, ते मला चांगलं ठाऊक आहे."

टाळी एकही पडली नाही. प्राध्यापक खाली पाहत होते, मुख्याध्यापिका डोळे पुसत होत्या. आणि बाबुराव फेटा छातीशी धरून उभे राहिले.

"अप्पा, मला ह्ये ठावं न्हवतं. मी तवा पाळन्यात आसन. बापानं बी कदी सांगितलं न्हाई." मग म्हणाले, "म्हनून माजं तूप घेत न्हवता व्हय?"

"बरनी बघितली की तुज्या बापाचा गोठा दिसायचा मला," अप्पा म्हणाले. "पन आता लई झालं. चल घरी."

गाडीत मला राहवलं नाही. वकील म्हणून मला तो दुसराच धक्का बसला होता. मी विचारलं, "अप्पा, मनात वैर होतं तर ती केस दुसऱ्याकडे द्यायला नको होती?"

"द्यायलाच पायजे व्हती," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "चूकच हाय ती माजी. गौरवग्रंथ काडायलेत म्हनं माजा. त्यात ह्ये बी लिव, न्हाईतर लिवू नको."

म्हणून लिहिलं.

लातूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. संगाप्पा ओसरीवर नेहमीसारखेच भिंतीला टेकून बसले होते. बाबुराव बरणी घेऊन पायरी चढले आणि अवघडून उभे राहिले. संगाप्पांनी मान वर केली. मी त्यांना कुणाकडे पाहताना कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ते बाबुरावांचा चेहरा निरखत होते. अप्पांनी नंतर सांगितलं, बाबुराव दिसायला हुबेहूब आपल्या बापासारखे.

आणि संगाप्पा बोलले. आवाज गंज चढलेल्या कडीसारखा होता, पण शब्द स्वच्छ होते.

"बैल बरा हाय का?"

शारदाकाकूंच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. बाबुरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण तो माणूस गुरांमध्ये वाढलेला, त्या वेळच्या फुगलेल्या बैलाचं विचारतायत आणि काय बोलावं, ते त्यांना कळलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "व्हय. बरा हाय. उठून चरायलाय."

संगाप्पांनी समाधानाने मान हलवली आणि पुन्हा भिंतीला टेकले. त्या दिवशी त्यांच्या भाकरीवर बाबुरावांचं तूप पडलं. घास अप्पांनीच भरवला.

संगाप्पा त्यानंतर पुन्हा बोललेले नाहीत. अप्पा रोज दुपारी त्यांच्यासमोर बसतात, घास भरवतात आणि प्रत्येक घासानंतर थोडं थांबतात. या पंच्याहत्तरीनिमित्त महादेवाकडे माझं मागणं एवढंच आहे. अप्पांना उदंड आयुष्य दे, हातपाय धड ठेव आणि कान तर आहेत तसेच तल्लख राहू दे. संगाप्पा पुढचं वाक्य कधी बोलतील ते कुणालाच माहीत नाही, आणि ते ऐकायला अप्पा समोर असायला हवेत.