नीलकंठ बक्षींची जुनी ओळ

भनपुरीतल्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत सर्व्हरचा पासवर्ड एकट्या नीलकंठ बक्षींजवळ. चोवीस वर्षं. पुतणीच्या लग्नात अक्षता हातात धरूनही फोनवर “मी येईपर्यंत मशीनले हात लावायचा नाही” म्हणणारा हा माणूस. सगळे त्यांना वचकून असत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. खोटं कशाला बोला!

दिवाळीनंतर नवा सर्व्हर आला, सोळा प्रोसेसरांचा. तरी रोज दहा वाजता सगळ्या शाखा एकदम बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, काढू लागल्या की मशीन मान टाकायची. गेटवर ट्रकांची रांग, आत मालक भैय्यालाल सेठांचा आरडाओरडा. त्याच महिन्यात भावना मेश्रामने बिल्टीचा नवा प्रोग्राम बसवला होता. सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली पोरगी, घरात कमावणारी तेवढीच. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते शनिवारी ठरणार होतं. बक्षींनी पहिल्याच दिवशी तिच्या प्रोग्रामकडे बोट दाखवून हात झटकले होते.

गुरुवारी ती म्हणाली, “काका, एकदा इंटरप्टची यादी पाहू द्या न. निरोप आला का नेटवर्क कार्ड प्रोसेसरले हातचं काम थांबवाले लावते, तोच इंटरप्ट. सगळे निरोप एकाच प्रोसेसरवर पडून राहिले असन, तर बाकीचे पंधरा रिकामेच बसतीन.”

“कालची पोट्टी तू, मले शिकवून राहिली?”

संध्याकाळी ती गेल्यावर मात्र बक्षींनी यादी उघडली. पहिल्या प्रोसेसरच्या रकान्यात कोटींचा आकडा, पुढच्या पंधरांत नुसती शून्यं. पोरीनं न पाहता सांगितलं होतं ते तंतोतंत खरं. कारणही सापडलं. फार पूर्वी एका जुन्या मशीनचं कार्ड इंटरप्ट वेगवेगळ्या प्रोसेसरांत वाटले गेले की अडकायचं, म्हणून बक्षींनीच एक ओळ लिहून सगळे पहिल्या प्रोसेसरला बांधले होते. नव्या मशीनवर त्यांनी ती फाइल न वाचता जशीच्या तशी उतरवली. ओळीपुढे हौसेनं टाकलेलं स्वतःचं नावही होतं.

ओळ पुसायची आणि मशीन पुन्हा सुरू करायची, दोन मिनिटांचं काम. बक्षी डबा उचलून घरी गेले.

शुक्रवारी मशीन बसली, शनिवारीही बसली. सेठ म्हणाले, “बक्षीजी, पक्का लड़की की ही गलती है?”

“हव,” बक्षी म्हणाले.

दुपारी भावना पाण्याची बाटली आणि ओढणी घेऊन निघाली. बक्षींना वाईट वाटलं, अगदी जेवण होईपर्यंत वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी ओळ पुसली. दहा वाजता सोळाही प्रोसेसर कामाला लागले, गेट मोकळं झालं. भावनाचाच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, सुरळीत चालला. सेठांनी सगळ्यांदेखत बक्षींना पेढा भरवला.

चार वाजता तिचा फोन आला. “काका, मशीन ठीक झाली म्हणे. यादी पाहिली का तुमी?”

“पाहिली. तसं काही नव्हतं. तुझ्याच प्रोग्रामात घोळ होता.”

ती म्हणाली, “सॉरी काका, तुमाले लय त्रास झाला. काय चुकलं होतं ते सांगता का? परवा तेलीबांध्याले इंटरव्ह्यू आहे.”

बक्षी एक चूक रचून, अगदी तपशीलवार, समजावू लागले.

“हळू सांगा न काका,” ती म्हणाली, “मी लिहून घेऊन राहिली.”