आईचे दहापैकी दहा

रविवार, १२ नोव्हेंबर. मधुदादाच्या पुण्यानुमोदनाला हुडको कॉलनीतल्या त्याच्या घरी आलेले: आई, शोभावहिनी, मी, नागपूरचे दोन्ही मामा, प्लांटमधले त्याच्या शॉपचे, म्हणजे वर्कशॉपचे, सोळा जण, आणि कॅम्प-१ मध्ये गॅरेज चालवणारा दुकालू, जो चपला काढून बराच वेळ दारातच उभा राहिला. नावं मी लिहून घेतली, कारण कोण येऊन गेलं हे वहिनींना नंतर आठवणार नव्हतं. त्याआधी दहा दिवस, गुरुवारी २ नोव्हेंबरला, पहिल्या पाळीत छातीत दुखतं म्हणून दादा जिन्याच्या पायरीवर बसला. दुपारी तो गेल्याचा फोन शॉपमधून आला, तो मीच घेतला. त्रेपन्न वर्षांचा होता माझा भाऊ.

दादा क्रेनच्या दुरुस्तीवर होता. घरात कमी बोलायचा, पण तीन वर्षांपूर्वी ती सेकंडहँड लाल गाडी घेतली आणि त्याला कंठ फुटला. छोटीशी, मागचं दार वर उघडणारी. इंजिन चपळ होतं, पण वळणावर गाडी एका अंगावर झुकायची. "स्टेअरिंग मी आत्ता फिरवतो, अन् गाडी मंग वळाचा इचार करते," तो म्हणायचा. शर्यत लावायची नव्हती त्याला. रोज ड्यूटीला जाता-येताना गाडी सांगितल्याबरोबर वळावी, एवढंच. मग दुकालूच्या मदतीनं थोड्या आखूड, कडक स्प्रिंगा बसल्या, नवे शॉकअप आले, पुढच्या दोन चाकांना जोडणारा बार जाड झाला. क्रेनचे रूळ सरळ आहेत का हे बघायला तार ताणतात, तशी दोरी ताणून तो चाकं जुळवायचा.

त्याचा नियम होता: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच चक्कर. हुडकोतून निघायचं, सेक्टरच्या गोल चौकाला वळसा, रेल्वे फाटक, कॅम्प-१चा बाजार, आणि परत. नोंदींची वही माझ्याकडे. मी शाळेच्या ऑफिसात आहे, रकाने आखणं माझ्या हातातलंच काम. गाडीत बसलेल्या प्रत्येकानं दहापैकी मार्क द्यायचे. पहिल्या चकरेला चौकात वही माझ्या मांडीवरून घसरून खाली पडली होती, मी चार दिले. सहा महिन्यांनी ती जागची हलली नाही, मी नऊ दिले. वहिनी मात्र कोणाची भीड धरणाऱ्या नव्हेत. "समोर बसलं तं आठ, मागं बसलं तं पाच. आटाचक्कीवर बसल्यासारखं वाटते मागं."

"मंग मागं बसू नको," दादा म्हणाला.

मागे आई बसायची. तिचा मार्क ठरलेला होता, दहा. फाटकाचे रूळ आले की ती एका हातानं समोरची सीट धरायची, दुसरा हात कमरेवर. मी वळून विचारायची, "आई, दुखते का?" "मले काय होते? लिही दहा." दादा आरशात बघून हसायचा. आणि मी दहा लिहायची. वहीत ते अकरा वेळा आहे.

आई दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. तिला स्वतःच्या गाडीनं न्यायचं, हे दादानं गाडी घेतानाच ठरवलं होतं. पण ती ट्रेननंच जात राहिली. "गाडी दारात असून ट्रेननं कावून जातं, माय?" "कॉलनीतल्या बाया संगं रायतात, गाणे म्हणत जातो आमी. तुह्या गाडीत कोण गाईन, तू?" आम्ही सगळे हसलो, दादाही हसला. मग बाहेर जाऊन पुसलेली गाडी पुन्हा पुसत बसला.

यंदा दसऱ्यानंतर वहिनींनी सांगून टाकलं, "तुमच्या गाडीत बसल्या का दोन दिवस आई कमरेले मलम लावतात. तुमाले सांगू नको म्हणतात." दादानं वही मागितली. माझ्या रकान्यांवरून बोट फिरवत गेला.

"नंदा, तुले दिसत होतं?"

"हो."

"मंग दहा कावून लिहिलं?"

"तिनं सांगितलं म्हणून... अन् तू खूश होता म्हणून."

"शॉपमध्ये असं लिहिलं असतं तं कोणाच्या डोक्यावर क्रेन पडली असती." तो रागावला नव्हता. वही मिटून म्हणाला, "मीबी आरशात पाहतच होतो ना."

त्या रविवारी त्यानं आईला मागे बसवलं आणि सांगितलं, "माय, आता मार्क नाही मागत. जिथं दुखन तिथं माह्या खांद्यावर हात ठेवजो." फाटकावर हात आला, आणि बाजार संपेपर्यंत खांद्यावरून निघालाच नाही. दादानं गाडी हळू केली. पुढच्या आठवड्यात दुकालूनं मऊ स्प्रिंगा शोधून आणल्या. शॉकअप आणि बार तेच ठेवायचे, म्हणजे चौकात गाडी झुकणार नाही. नियमाप्रमाणे आधी पुढच्या दोन बसल्या. मागच्या दोन ५ नोव्हेंबरच्या रविवारी बसवायच्या होत्या. "पुढच्या दसऱ्याले माय गाडीनंच," असं तो दुकालूला सांगून आला होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे गेल्यावर दुकालूनं मला हळूच विचारलं, "दीदी, पीछे के स्प्रिंग बोरे में रखे हैं. कब लगाऊँ?" मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, पाहू. मागचे नट दादाच्याच हातानं आवळलेले होते, ते उघडायला कोणाचंच मन होत नव्हतं.

गेल्या आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. गाडी वहिनींनी चालवली. मी त्यांच्या शेजारी, आई मागे. फाटकाचे रूळ आले तेव्हा आईचा हात उचलला गेला, वहिनींच्या खांद्यापर्यंत आला... आणि परत मांडीवर गेला. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "आता चांगलीच हाय गाडी. राहू द्या मागचं."

ते मी वहीत लिहिलेलं नाही. मागच्या दोन स्प्रिंगा बसवायच्या राहिल्या आहेत.