साप ओळखणारं पेज

शेजारच्या सुमनवहिनींच्या मोरीत बादलीमागे साप होता. आमच्या तालुक्याचं मोबाइलवर एक पेज होतं. सापाचा फोटो टाकला की तिथली जाणकार माणसं लगेच सांगायची, विषारी की बिनविषारी. मी फोटो काढला, पेज उघडायला गेलो, तर स्क्रीनवर एकच ओळ: हे पेज आता उपलब्ध नाही.

"सकाळी तर होतं हो," वहिनी म्हणाल्या.

कुणी काढलं, का काढलं, विचारणार कुणाला? इतक्या वर्षांचं लोकांचं शहाणपण आवाजही न करता जातं. साप मात्र राहतात. त्यांना ओळखणारं तेवढं कुणी उरत नाही. मी पुन्हा पुन्हा शोधत राहिलो. मान वर केली, तेव्हा बादलीमागे काहीच नव्हतं.

"पाय हलवू नका," वहिनी हळूच म्हणाल्या.