समुद्राकाठची द्राक्षं

समुद्राकाठी द्राक्षं होतात यावर माझा विश्वास नव्हता. अलिबागच्या पुढे नारळ होतो, सुपारी होते. द्राक्षं नाशिककडची. मुलीने ज्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं होतं, त्याच्या घरच्यांचा तिकडे द्राक्षमळा आहे आणि ते घरच्या घरी वाइन करतात, असं तिने सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "वाशीच्या मार्केटातून क्रेट नेत असतील."

पत्नी दिवाळीनंतर गेली. घरात मृत्यू झाला की मुलांची लग्नं वर्षाच्या आत करावीत, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं आमच्याकडे मानतात. मुलाकडच्यांचा निरोप आलाच, वर्षाच्या आत उरकूया. मला ती घाई खटकली. माणसं पारखायचं काम आमच्या घरात पत्नीच करायची. मी पुस्तकात डोकं घालून बसायचो आणि पाहुणे गेले की तिला विचारायचो, कसे वाटले? आता विचारायला कोणी नव्हतं, आणि होकार मला एकट्यालाच द्यायचा होता.

ऐरोलीत मुलाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी वाइन चाखण्याचा कार्यक्रम ठेवला होता. "बाकीचे यायच्या आधी तुम्ही या," असं मुलाच्या आईने फोनवर सांगितलं. टेबलावर बाटल्या, पातळ काचेचे ग्लास आणि मधोमध स्टीलचं एक उभट भांडं. मुलाच्या वडिलांनी सगळ्यांना थोडीथोडी ओतली, स्वतःचा ग्लास नाकाशी नेला, घोट तोंडात घोळवला आणि सरळ त्या भांड्यात थुंकला. पाठोपाठ आई थुंकली, मुलगाही.

मी माझा घोट गिळून बसलो होतो. स्वतः केलेलं हे लोक स्वतः पीत नाहीत. मी मुलीकडे पाहिलं. ती हसू दाबत होती.

"बाबा, चाखताना थुंकतातच."

"आधी सांगायचंस ना त्यांना," मुलाची आई तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दादा, सगळ्या गिळू नका. शेवटच्या बाटलीपर्यंत तुम्ही कशालाही हो म्हणाल, आणि उद्या आळ आमच्यावर."

"खाऱ्या वाऱ्यात वेली टिकतात?" मी विचारलं.

"टिकत नाहीत," वडील म्हणाले. "म्हणून तर बाटल्या इतक्याच. भाऊबंद अजून सांगतात, उपटून टाक आणि माड लाव."

उत्तर इतकं तयार होतं की मला ते पाठ केलेलं वाटलं. म्हणून विचारलंच, "आणि लग्नाची घाई?"

"आम्हाला कसली घाई? तुमच्याकडे पाळतात, असं हिने सांगितलं म्हणून म्हटलं. आम्ही तीन वर्षंसुद्धा थांबू," मुलाची आई म्हणाली. "ही दोघं थांबतात का, ते त्यांना विचारा."

दोघांनी ग्लासात पाहिलं.

शेवटची बाटली मुलाच्या आईने स्वतः उघडली. कुणाला ओतण्याआधी थोडी वाटीत घेतली, बोटं बुडवली आणि खिडकीतल्या कुंडीत थेंब सोडले. एकेक नाव पुटपुटत होती. "घरातली गेलेली माणसं. त्यांना आधी," मुलगा हळूच मला म्हणाला. तेवढ्यात ती थांबली.

"दादा, ताईंचं नाव काय होतं?"

पत्नी गेल्यापासून कोणी ते विचारलं नव्हतं. भेटायला येणारे वहिनी म्हणायचे, काकू म्हणायचे. मीही तिला नावाने हाक मारलेली नाही. 'अगं' म्हटलं की ती यायची. मी नाव सांगितलं. मुलाच्या आईने ते नीट उच्चारलं आणि थेंब सोडले.

हे मला वळवण्यासाठीही असू शकतं, असं तेव्हाही मनात आलं.

मग सगळ्यांना ओतली. बरीच आंबट होती. मुलीने भांडं माझ्याकडे सरकवलं. मी घोट गिळला.

"वर्षाच्या आतला मुहूर्त बघा," मी म्हणालो. "पण त्याआधी मळा मी स्वतः येऊन बघणार."

"या की," मुलाचे वडील म्हणाले. "वाशीचे क्रेट कुठे लपवलेत तेही दाखवतो."

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली.