अळणी नवस

डॉक्टरांनी माझ्या बायकोचा, सिंधूचा तळहात उजेडात धरला. सलाईन चालू होतं, तरी ती पुटपुटली, "भविष्य बघताय का, डॉक्टर?"

"तेच बघतोय, मावशी." तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. मग त्यांनी तिचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. त्याही काळसर.

मी म्हणालो, "उन्हात झेंडू तोडते, रापली आहे."

"काका, हिरड्यांना ऊन लागतं का?"

त्या दिवशी आजाराचं नाव कळलं: ॲडिसन्स डिसीज. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ॲड्रिनल ग्रंथी असतात. शरीराला ताण सोसायला बळ देणारं कॉर्टिसोल आणि मीठ धरून ठेवणारं आणखी एक संप्रेरक त्या तयार करतात. सिंधूच्या ग्रंथी थकल्या होत्या. तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. पुढे रिपोर्ट आला. कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच.

खुणा वर्षभर दिसत होत्या. वजन उतरलं होतं. उठून उभी राहिली की चक्कर यायची. येता-जाता ती मिठाचा खडा तोंडात टाकायची. माझी बहीण ताराक्का हसायची, "या वयात डोहाळे लागले का गं, वहिनी?"

मी वणीच्या देवीला नवस बोललो: हिला बरं कर, ही याच नवरात्रात नऊ दिवस अळणी उपास करील. नवस माझा, उपास तिचा. झेंडूचा हंगाम होता. पहाटे मी फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचो. माझ्या मागे तिनं मीठ खाऊ नये म्हणून मी मिठाची बरणी माळ्यावर लपवली. चौथ्या दिवशी उलट्या होऊन ती मळ्यात कोसळली.

दवाखान्यात उपासाचं कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "अळणी उपास कुणी सांगितला?"

मी म्हणालो, "तिचाच हट्ट."

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. पुढे कितीतरी वर्षं नातेवाईक तिलाच बोलत राहिले. तिनं एकदाही माझं नाव घेतलं नाही.

तुमच्या घरी कुणी असं विनाकारण काळवंडत, थकत असेल, मीठ मागत असेल, तर डॉक्टरांना सगळं खरं सांगा. या आजारात स्टेरॉइडच्या गोळ्या जन्मभराच्या असतात, मनानं बंद करायच्या नाहीत. ताप आला की डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा. एवढं सांभाळून सिंधू आजही फुलं तोडते. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या नवरात्रात जेवताना ताराक्का पुन्हा म्हणाली, "वहिनी, हट्टापायी मेली असतीस तेव्हा."

"नवस माझा होता, अक्का," मी म्हणालो. "मीठही मीच लपवलं होतं. डॉक्टरांशी खोटं बोललो."

सिंधूनं ताकाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"आठवली ना बरणी? मग द्या इकडे. ताक अळणी झालंय."